निस्तार

मराठीच्या प्राध्यापकाला पर्यावरण शिकवायला लावणे हा तसा विनोदच. पण आमच्या कॉलेजात तो गेली काही वर्षे बिनबोभाट चालू आहे. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरणाचा एक पेपर सक्तीचा. शास्त्र शाखेच्या मंडळींचे तास आधीच भरलेले. मग वेळापत्रकात ज्याच्या नावापुढे दोन चौकोन रिकामे दिसतील त्याच्या गळ्यात ही माळ पडते. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. नोकरी मिळाली म्हणून अठरा वर्षांपूर्वी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आलो, आणि 'तिकडे जागा निघाली की परत येतो' असे दर दिवाळीला आईला सांगता सांगता इथलाच होऊन बसलो. ओझोनच्या थरातील भोकाविषयी माझे ज्ञान आपल्याइतकेच. पाठ्यपुस्तक उघडावे, चार ओळी वाचाव्यात, मुलांनी त्या उतरून घ्याव्यात, असे पहिले वर्ष गेले. वर्गाच्या खिडकीबाहेर मोहाचे झाड होते; पण त्याचे नाव पुस्तकात नव्हते, म्हणून आम्हीही त्याच्याकडे पाहिले नाही.

दुसऱ्या वर्षी 'माझ्या गावाचे पर्यावरण' या विषयावर मुलांना वह्या लिहावयास सांगितल्या. त्या तपासताना धानोरा तालुक्यातल्या एका गोंड मुलीच्या वहीत पहिलेच वाक्य आढळले, 'आमच्या गावाचा निस्तार जंगलावर चालतो.' मी लाल पेनाने 'निस्तार' या शब्दाभोवती गोल काढला, समासात 'निर्वाह?' असे लिहिले आणि दहापैकी दोन गुण कापले. भाषेच्या शिक्षकाला याहून समाधान देणारे काम जगात दुसरे नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी आमच्या खोलीच्या दारात उभी. "सर, निस्तार चुकीचा कसा?"

मी तिला खुर्ची दिली आणि आपल्या एम.ए.ला साजेल असे उत्तर दिले. निस्तार म्हणजे तरून जाणे, पार होणे, उद्धार. भवसागरातून निस्तार होतो, संकटातून होतो. जंगलावर तो 'चालेल' कसा?

तिने ऐकून घेतले. मग हळूच म्हणाली, "पण सर, आमच्याकडे सरकारी कागदावर निस्तारच लिहितात." आणि दोन दिवसांनी तिने तो कागद आणून माझ्या टेबलावर ठेवला. झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरे पुसट झालेली. पण वरचा मथळा स्वच्छ वाचता येत होता : निस्तार पत्रक. खाली यादी. गावाने गुरे कुठे चारावीत, जळण कुठून आणावे, घराला लागणारे लाकूड, बांबू, गवत, काट्या, माती, मुरूम कुठून घ्यावेत. खळे कुठे, मसणवट कुठे, मेलेल्या जनावराचे कातडे कुठे सोलावे. एका गावाचा जन्मापासून मरणापर्यंतचा सारा जमाखर्च त्या एका कागदात होता, आणि त्या जमाखर्चाला शब्द होता निस्तार.

त्या दिवशी मी घरी येऊन मिठाची गुळणी धरल्यासारखा बसलो. अठरा वर्षे ज्या भागाचे मीठ खाल्ले त्या भागाचा रोजचा शब्द मला कोशातल्या अर्थाने ठाऊक होता, वापरातल्या अर्थाने नव्हता.

वाचकांना थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे. हा मुलूख १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, १९६० साली तो महाराष्ट्रात आला, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. जिल्ह्याचे क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर. त्यातले दोन तृतीयांशाहून अधिक जंगल. इंग्रजांच्या अमदानीत येथे मालगुजार आणि जमीनदार होते. जंगल त्यांच्या मालकीचे. पण गावकऱ्यांना घरगुती गरजेपुरते त्यातून घेण्याचा रिवाज मानलेला होता. तोच निस्तार. १९५० च्या कायद्याने मालगुजाऱ्या व जमीनदाऱ्या संपल्या, जंगल सरकारजमा झाले आणि निस्तार कागदावर आला. रिवाज कागदावर आला म्हणजे तो पक्का होतो असे आपण शहरी माणसे समजतो. इथला अनुभव असा की, रिवाज कागदावर आला की तो कागद कोणाच्या तरी कपाटात जातो.

ज्याच्या कपाटात जातो त्याची भाषाही वेगळी असते. 'राखीव जंगल' हा शब्द घ्या. १८७८ च्या वन कायद्याने जंगलाचे तीन वर्ग केले : राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. पहिले दोन देशभर पसरले. तिसरा बहुतेक पुस्तकातच राहिला. राखीव म्हणजे राखलेले, हे आपण लहानपणी शिकतो. कोणासाठी राखलेले, हे व्याकरणात येत नाही. सागवान रेल्वेच्या स्लीपरांसाठी गेले, जहाजांसाठी गेले, शहरांतल्या वाड्यांच्या तुळयांसाठी गेले. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांसाठी लाकूड निवडले गेले तेही आमच्या भागातले सागवान. बल्लारपूरच्या आगारातून त्याची मिरवणूक निघाली. आलापल्लीजवळ 'वनवैभव' म्हणून जुन्या जंगलाचा एक लहानसा तुकडा अजून जपून ठेवला आहे. तिथे मान वर करून सागाकडे पाहिले की टोपी पडते. पूर्वी सगळे जंगल कसे असेल याचा तो नमुना. दुकानदार कापडाच्या ठाणाचा नमुना दाखवतो तसा.

शब्दांचा नाद एकदा लागला की सुटत नाही. मी वर्गात ओझोन बाजूला ठेवला आणि मुलांना म्हटले, चला, आधी शब्द तपासू. 'जंगल' या शब्दापासून सुरुवात केली. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत भूमीचे प्रकार सांगितले आहेत : जांगल, आनूप आणि साधारण. जांगल म्हणजे उघडा, कोरडा, विरळ झाडांचा, हरणांना मानवणारा प्रदेश. आनूप म्हणजे पाण्याचा, दाट, ओलसर. त्या हिशेबाने गडचिरोलीला जंगल म्हणणे म्हणजे कोकणाला वाळवंट म्हणण्यासारखेच! शब्दाने पुढे केव्हातरी कूस बदलली आणि कोरड्या माळाचे नाव दाट झाडीला चिकटले. 'रान' शब्दाची मौज मी स्वतः अनुभवली आहे. आमच्या साताऱ्याकडे शेताला रान म्हणतात. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी शेजाऱ्यांना सहज म्हणालो, "आमचे वडील या वयातही रोज रानात एकटे जातात." शेजारीण चूल सोडून बाहेर आली. "आणि तुम्ही जाऊ देता?"

इथल्या लोकांचा आपला शब्द आहे 'झाडी'. मुलूख झाडीपट्टीचा, बोली झाडीबोली. या बोलीत ण नाही, ळ नाही. पाण्याला पानी आणि डोळ्याला डोरा. आपल्याकडे दिवाळी सरते तेव्हा इकडे गावोगाव मंडई भरू लागते, दंडारी होतात, आणि धान घरात आले की वडशाकडच्या नाटक कंपन्या रात्र रात्र झाडीपट्टीची नाटके करतात. थंडीत घोंगडी पांघरून हजारो माणसे पहाटेपर्यंत बसतात. पुण्या-मुंबईच्या नाट्यसृष्टीला प्रेक्षक कमी झाल्याचे वाचतो तेव्हा मला हसू येते. मराठी साहित्य संमेलनही २०१२ साली चंद्रपुरात भरले होते, अध्यक्ष याच मुलखाचे कवी वसंत आबाजी डहाके. पण आमच्या पाठ्यपुस्तकात झाडीतला एकही शब्द नाही. मुले वर्गात येताना आपले शब्द चपलांबरोबर दाराबाहेर ठेवतात, आणि ठेवले नाहीत तर माझ्यासारखा शिक्षक लाल गोल काढतो.

या बाबतीत ज्यांनी आम्हा मराठीवाल्यांना लाजवले ते मारुती चितमपल्ली. जन्म सोलापूरचा, घरची भाषा तेलुगू, नोकरी वनखात्यातली. आणि मराठीला पक्षीकोश, प्राणीकोश, वृक्षकोश देऊन गेले ते हेच. पक्ष्यांची, झाडांची नावे त्यांनी पोथ्यांतून घेतली तशी आदिवासींच्या, ढिवरांच्या तोंडूनही घेतली. बगळ्या-करकोचांच्या वसाहतीला 'सारंगागार' हा शब्द त्यांचाच. १८ जून २०२५ रोजी ते गेले. कोशाची पाने उलटताना जाणवते की, प्रत्येक नावामागे कोणीतरी त्या झाडाखाली बराच वेळ बसलेले आहे.

आता बांबूविषयी. आमच्या भागातले सर्वांत मोठे भांडण एका शब्दावरून झाले, आणि तो शब्द 'बांबू' नव्हता, 'झाड' होता.

वनस्पतिशास्त्र म्हणते, बांबू हे गवत आहे. गहू, ऊस, भात यांच्या कुळातले. १९२७ चा वन कायदा म्हणतो, बांबू हे झाड आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत 'झाड' या शब्दात ताड, बांबू, खुंट, झुडुपे आणि वेत एवढ्यांचा समावेश आहे. तोडून उरलेला खुंटसुद्धा झाड! शब्दाचा एवढा उदार अर्थ आमच्या कवींनाही कधी सुचला नाही. पण त्या औदार्यामागे हिशेब होता. झाड म्हटले की ते इमारती लाकडात मोडते, आणि इमारती लाकूड सरकारचे. बल्लारपूरला १९४५ पासून कागदाची गिरणी होती. आसपासच्या जंगलांतला बांबू भाडेपट्ट्याने तिच्याकडे जाई. तिचा कागद साऱ्या महाराष्ट्रात वह्या-पुस्तकांसाठी खपत असे. मी साताऱ्यात ज्या वहीत बाराखडी गिरवली ती कदाचित इथल्याच बांबूची असेल. ज्या गावांच्या शिवेतून तो बांबू गेला त्यांना मात्र टोपलीपुरत्या बांबूसाठी हात जोडावे लागत.

याच मुलीच्या आजोबांची हकीकत तिने वर्गात सांगितली. ही मंडळी आजोबाला आजा म्हणतात. घरी लग्न निघाले, मांडवासाठी आज्याने चौदा बांबू तोडले. कोणा शिपायाने पकडले, दंड झाला, पावती मिळाली. आज्याला अक्षर येत नव्हते. त्याला वाटले, पैसे दिले, शिक्का मिळाला, म्हणजे हा परवानाच! त्याने पावती जपून ट्रंकेत ठेवली. पुढल्या वर्षी पुन्हा अडवले तेव्हा मोठ्या ऐटीने त्याने ती काढून दाखवली. दुप्पट दंड झाला. पावत्या दोन्ही अजून ट्रंकेत आहेत. वर्ग खूप हसला. तीही हसली, पण मी पाहिले, ती सर्वांच्या आधी हसायची थांबली.

तिच्या गावापासून काही अंतरावर, गडचिरोलीहून धानोऱ्याला जाताना सुमारे ३० किलोमीटरवर, मेंढा नावाचे गाव आहे. लेखा गावाशेजारचे म्हणून मेंढा-लेखा. शंभराच्या आसपास घरांचे गोंड गाव, जवळून कठाणी नदी वाहते. मिलिंद बोकील यांनी या गावावर 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तकच लिहिले आहे, त्यामुळे पुष्कळ वाचकांना नाव ठाऊक असेल. एका सुट्टीत मी वर्गातली चौदा मुले एसटीने तिथे घेऊन गेलो.

या गावाची हकीकत १९८० नंतरच्या वर्षांत सुरू होते. इंद्रावती-गोदावरीवर इचमपल्ली आणि भोपाळपट्टणम ही दोन मोठी धरणे बांधण्याचे घाटत होते. त्यांत इथली गावे आणि जंगले बुडणार होती. १९८४ साली बाबा आमट्यांसह हजारो आदिवासी 'जंगल बचाव, मानव बचाव' म्हणत रस्त्यावर आले. धरणे झाली नाहीत. आंदोलने संपली की माणसे घरी जाऊन पूर्ववत जगू लागतात. मेंढ्याची मंडळी घरी गेली आणि अभ्यासाला बसली. गोंडीत 'मावा नाटे मावा राज', म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, अशी त्यांची घोषणा झाली. निर्णय बहुमताने घ्यावयाचा नाही, सर्वसहमतीने घ्यावयाचा. एकाचीही हरकत असली तर थांबावयाचे. आणि निर्णयाच्या आधी अभ्यास. त्यासाठी गावात अभ्यास गट. देवाजी तोफा हे गावचे पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सहाध्यायी, ही नावे त्या संदर्भात महाराष्ट्राला माहीत आहेत.

'अभ्यास' हा शब्द आपण घरोघर संध्याकाळी मुलांवर ओरडण्यासाठी वापरतो. पतंजलीने चित्त स्थिर करण्याचा पुनःपुन्हा केलेला प्रयत्न म्हणजे अभ्यास असे म्हटले आहे. मेंढ्यात त्याचा अर्थ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. आग्या मोहोळ जाळून मध काढण्याची जुनी रीत. त्यात माश्या मरतात आणि पुढल्या वर्षी मध नाही. मग माश्या कशा राहतात, पोळ्याचा मधाचा भाग कुठला, पिलांचा कुठला, याचा अभ्यास झाला आणि न जाळता मध काढण्याची पद्धत आली. कायद्यांचाही अभ्यास झाला. गावातली कितीतरी माणसे निरक्षर. पण कलम आणि पोटकलम यांच्यावर ती ज्या सहजतेने बोलतात ती पाहून आमच्या राज्यशास्त्राच्या मुलांनी माना खाली घातल्या. माझ्याही मनात आले, आम्ही ज्याला पर्यावरण म्हणतो आणि पेपरात बसवतो त्यातले तत्त्वज्ञान, इतिहास, कायदा, जीवशास्त्र असे कप्पे या लोकांनी केलेच नाहीत. मधमाशीचा विचार करता करता ते हिंसेच्या विचारापर्यंत जातात, आणि बांबूचा विचार करता करता संसदेपर्यंत.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. प्रस्तावनेतच आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली देणारा हा कायदा. त्यात गौण वनोपजाची, म्हणजे गावाला घेता येणाऱ्या वनातल्या वस्तूंची, यादी आहे. ती १९२७ च्या व्याख्येशेजारी ठेवून वाचा : बांबू, झुडुपे, खुंट, वेत. तीच नावे! जुन्या कायद्याने ज्यांना झाड म्हणून सरकारकडे नेले त्यांनाच नव्या कायद्याने उपज म्हणून गावाकडे परत आणले. मेंढ्याला २००९ साली सुमारे १,८०९ हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. शेजारच्या मर्दा गावाबरोबर देशातला हा पहिलावहिला. पण बांबू विकायला निघाल्यावर वाहतुकीचा परवाना मिळेना. खाते म्हणे, बांबू झाड आहे. गाव म्हणे, कायदा वाचा. दीड-दोन वर्षे ही शब्दाची लढाई चालली. अखेर केंद्रातले तेव्हाचे वनमंत्री जयराम रमेश यांनी मार्च २०११ मध्ये राज्यांना पत्र लिहून बांबू हा गौण वनोपजच असल्याचे कळवले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह मेंढ्यात आले. परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'बांबू' हा शब्द १९२७ च्या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतूनही काढून टाकला गेला. मुख्यतः शेतात बांबू लावणाऱ्यांच्या सोयीसाठी. नव्वद वर्षांनी गवत पुन्हा गवत झाले.

आज्याच्या ट्रंकेतल्या पावत्या मला त्या दिवशी परतताना सारख्या आठवत होत्या.

सगळे गोड आहे असे मी म्हणणार नाही. मेंढा एक आहे. हक्क मिळालेली आणि पुढे काय करावे न कळलेली गावेही आहेत, जिथे कंत्राटदार ग्रामसभेच्याच नावाने धंदा करतो. एटापल्लीकडे सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते. त्या डोंगरात लोखंड आहे, आणि २००७ साली ३४८ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला. आता तिथे ट्रकांची रांग लागते. डोंगराचे नाव देव की खनिज, हे भांडण बांबूसारखे एका पत्राने मिटणारे नाही. रोजगार मिळाला म्हणणारी माझीच विद्यार्थी मुले आहेत आणि देव गेला म्हणणारी त्यांचीच आई-बापे.

शिवाय वाघ. ताडोबा हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५५ चे. ताडोबा हा देव मूळचा तारू नावाचा गावप्रमुख, वाघाशी झुंजताना मेला आणि तळ्याकाठी देव होऊन बसला, अशी कथा आहे. आपण जीपमधून वाघ पाहायला येता, दिसला की धन्य होता, यावेच. पण मे महिन्याच्या पहाटे तेंदूपाने तोडायला बायका जातात त्यांना वाघ दिसून चालत नाही. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांचे एक पोते, हंगाम जेमतेम पंधरा-वीस दिवसांचा. त्यावर शाळेची फी आणि पावसाळ्याचे मीठ-तेल. वाकून पाने तोडणारी बाई वाघाला चार पायांच्या सावजासारखी दिसते म्हणतात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात एकाच दिवशी तीन बायका अशा गेल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्याच गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव म्हणून गाव आहे. २०१२ साली त्याला हजारभर हेक्टरांचा हक्क मिळाला. त्या गावाने तेंदूपानाचा हंगाम सोडून दिला. कोवळी पाने यावीत म्हणून फांद्या छाटाव्या लागतात, आगी लावल्या जातात, टेंभरे धरत नाहीत, मग पाखरांनी आणि पोरांनी खावे काय, असा त्यांचा विचार. हाती आलेला रोख पैसा गरीब गावाने सोडावा, हे मला सुरजागडच्या ट्रकांइतकेच खरे वाटते. बांबूच्या उत्पन्नामुळे त्यांना ते जमले, हेही तितकेच खरे.

असा विचार कुठून येतो? माझ्या वर्गातल्या मुलांनी सांगितले, पंडुम झाल्याशिवाय नवा आंबा, नवे मोह तोंडात घालायचे नाहीत. देवाला आधी द्यायचे. फळ पिकेपर्यंत, कोय धरेपर्यंत त्याला सगळ्यांनी मिळून सूट द्यायची असा त्याचा अर्थ मी लावला. गोंडांची कुळे चार, पाच, सहा, सात देवांची, आणि कुळागणिक एखादे झाड वा प्राणी नात्याचा. ऐकून आपल्याला हे फार दूरचे वाटेल. पण आपल्याच घरात लग्नाआधी देवक बसते ना? कोणाचे कळंब, कोणाचे वड. त्या झाडाला पूर्वी घरचा माणूस कुऱ्हाड लावीत नसे. आता आपण देवकाचा डहाळा फुलवाल्याकडून विकत आणतो आणि कार्य उरकले की विसरतो. इतकाच फरक.

गेल्या वर्षी ही मुलगी पुन्हा माझ्याकडे आली. पदवी झाली होती. तिच्या गावाने सामूहिक वनहक्काचा दावा करावयाचे ठरवले होते. या कायद्याची एक गोष्ट वाङ्मयाच्या माणसाने मुद्दाम ध्यानात घ्यावी : दाव्याला पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब चालतात, देवस्थाने, मसणवटे यांच्या खुणा चालतात. आजवर ज्याला आपण 'लोककथा' म्हणून परीक्षेत पाच गुणांना विचारत होतो ती इथे दस्तऐवज होते. तिने म्हाताऱ्या माणसांचे बोलणे गोंडीतून मराठीत उतरवून आणले होते. "सर, भाषा पाहून द्या."

मी वाचू लागलो. अमक्या ओढ्यावर सासू बाळंत झाली म्हणून त्याला ते नाव. अमक्या खडकापाशी वाघाने गाय धरली, तेव्हापासून तिथे कोंबडे देतात. अमकी टेकडी तीन गावांची आहे, तिथे भांडायचे नाही. मला चंद्रपूर आठवले. आमच्या या दोन जिल्ह्यांची जुनी राजधानी अशाच एका गोष्टीवर उभी आहे. खांडक्या बल्लाळशहा राजाच्या कुत्र्याच्या मागे एक ससा लागलेला त्याने पाहिला. सशाच्या कपाळी चांद होता. ज्या वाटेने तो पाठलाग झाला त्या वाटेने परकोट बांधला आणि चांदा वसले. लीळाचरित्रातही एक ससा आहे. शिकारी मागे लागलेला, चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरून वाचलेला. आम्ही एम.ए.ला तो ससा अहिंसेचे उदाहरण म्हणून लिहीत असू. चांद्याचा ससा कोणाच्या आश्रयाला जात नाही, उलटून कुत्र्याच्याच मागे लागतो. तो कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात लिहावयाचा ते आम्हाला कोणी सांगितले नाही. त्या सशाच्या वाटेवरचा सुमारे ११ किलोमीटरचा परकोट झुडुपांत गडप झाला होता. २०१७ पासून चंद्रपूरच्या 'इको-प्रो'च्या तरुणांनी तो हातांनी साफ केला. वाघांसाठी झटणारी ही पोरे गोंडराजांचे दगड का साफ करतात, असे तेव्हा काहींनी विचारले म्हणतात. मला तो प्रश्न पूर्वी पडला असता.

जबाबांत मराठी जागोजाग वेडीवाकडी होती. हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. एका आजीच्या तोंडी होते, 'आमचा निस्तार त्या डोंगरीवर होत होता, माझ्या सासूचाही होत होता.' मी पेन परत खिशाला लावले. जिथे गावाचे नाव किंवा साल चुकले होते तेवढे शिसपेन्सिलीने दाखवले. एका ठिकाणी 'पानी' चे 'पाणी' करावे का, असे मी विचारले. ती म्हणाली, "ती पानीच म्हणाली होती, सर." राहू दिले.

फाइल वर गेली आहे. कचेरीतून अजून काही कळलेले नाही. मुलगी नागपूरला एम.ए. करते, विषय मराठी, हे ऐकून मला थोडी भीतीच वाटली. मंडईला गावी आली होती तेव्हा भेटून गेली. मी तिला म्हटले, तुझी ती जुनी वही दे पाहू, तो लाल गोल मी स्वतःच्या हाताने खोडतो आणि दोन गुण परत देतो. विद्यापीठात पोचणार नाहीत, पण वहीत तरी राहतील.

वही तिने दिली नाही. ट्रंकेत आहे म्हणाली, आज्याच्या पावत्यांबरोबर.